११३ किलोंचा रोबो हाकताना

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लढाऊ रोबोंचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा ठिणग्यांचं वर्णन करत बसत नाही. हेवीवेट म्हणजे किती, एवढं आधी पक्कं करू. अमेरिकेतल्या बॅटलबॉट्स या रोबो-लढतींच्या स्पर्धेत ही मर्यादा २५० पौंडांची आहे, म्हणजे ११३ किलो. ब्रिटनमध्ये ११० किलो. आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ६० किलोंच्या गटाचं आकर्षण मोठं. पण आज ११३ किलोंवरच बोलतो, कारण त्या वजनाला चूक लपत नाही.

खेळाची सुरुवात १९९४ची. सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी रोबो वॉर्स भरवलं. पुढच्याच वर्षी जेमी हाइनमन यांनी ब्लेंडो आणला. भली मोठी चिनी कढई उपडी घातलेली, तिला बाहेरून दाते आणि आत गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन. अख्खी कढईच गरगरायची. समोरच्याचे तुकडे कुंपणापलीकडे उडायला लागले, तेव्हा आयोजकांनी ब्लेंडोला सहविजेता जाहीर केलं आणि लढतींतून बाजूला बसवलं! तेव्हापासून घरी रोबो बांधणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिलं येतं ते शस्त्र. माझं म्हणणं असं की, पहिली यायला हवीत चाकं.

आधी शस्त्राचा हिशेब करू, म्हणजे मी त्याला कमी लेखतोय असं वाटायला नको. आडवं फिरणारं एक मीटर लांबीचं, २५ किलोंचं पोलादी पातं घ्या. बॅटलबॉट्सच्या नियमानुसार पात्याच्या टोकाचा वेग ताशी २५० मैलांच्या वर नेता येत नाही. ताशी ४०० किलोमीटर म्हणा. त्या मर्यादेला पातं मिनिटाला साधारण २,१०० फेरे घेतं आणि त्यात जवळपास ५२ हजार ज्यूल ऊर्जा साठते. कल्पना यायची असेल तर असं समजा की तुमचा अख्खा रोबो पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकला.

पण ही ऊर्जा समोरच्याच्या अंगात उतरते का? इथे गंमत आहे. पात्याला दोन टोकं, म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ वेळा एक ना एक टोक समोरून जातं. तुम्ही सेकंदाला दोन मीटर वेगाने चालून गेलात, तर एक टोक गेल्यावर दुसरं येईपर्यंत तुमचा रोबो जेमतेम तीन सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढंच पातं समोरच्यात शिरू शकतं. याला बाइट म्हणतात. तेच सेकंदाला पाच मीटर वेगाने घुसलात, तर सात सेंटिमीटर. पातं तेच, मोटर तीच, बॅटरी तीच. फरक फक्त चाकांचा. बाइट अपुरा पडला की पातं समोरच्याच्या पत्र्यावर नुसतं खरवडत बसतं. आवाज खूप होतो, प्रेक्षक ओरडतात, आणि होत काहीच नाही. पात्याऐवजी लहान ड्रम, म्हणजे दाते असलेलं नळकांडं, मिनिटाला ९,००० फेऱ्यांनी फिरवणाऱ्यांची पंचाईत आणखी मोठी. दोन दात असले तर पाच मीटरच्या वेगालाही बाइट दीड-पावणेदोन सेंटिमीटरच. म्हणून काही जण एकच दात ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला तोल साधायला वजन देतात.

वजनाच्या वाटणीचा एक ठोकताळा ब्राझीलच्या रियोबॉट्झ संघाने मांडलाय: ३० टक्के चालनाला, ३० टक्के शस्त्राला, २५ टक्के सांगाडा आणि चिलखताला, १५ टक्के बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सला. म्हणजे चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स मिळून ३४ किलो. विद्यार्थ्यांच्या रोबोत हा आकडा हटकून कमी दिसतो. शस्त्र जड होत जातं आणि कात्री लागते ती गिअरबॉक्सला. चिलखताबद्दल फार बोलत नाही. डंपरच्या हौद्याला वापरतात ती हार्डॉक्स प्लेट आणा, लेझरवर कापून घ्या. औद्योगिक वसाहतीतला कुठलाही जॉबवाला हे काम करून देतो. बोल्टला नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) लावा, एवढं मात्र विसरू नका.

आता हाकण्याकडे येऊ. स्टिअरिंग नसतंच. डावी आणि उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून रणगाड्यासारखं वळायचं. समजा, तुमचं शस्त्र म्हणजे उभी फिरणारी तबकडी: २० किलोंची, अर्धा मीटर व्यासाची, मिनिटाला २,४०० फेरे. रोबोची रुंदी चाकांपाशी ६० सेंटिमीटर. अशा रोबोला तुम्ही जागच्या जागी तीन सेकंदांत एक गिरकी घ्यायला लावलीत, की एका बाजूची चाकं जमीन सोडायला लागतात. त्याहून झटक्यात वळलात तर रोबो कलंडणार. हा जायरोस्कोपचा परिणाम (जोरात फिरणाऱ्या वस्तूचा आस वळवला की ती बाजूला कलू बघते), त्याला लाच देता येत नाही. एक तर चाकांमधलं अंतर वाढवा, नाही तर तबकडीचा वेग थोडा उतरवून वळा. चांगला चालक हे बोटांनी करतो. ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची, काठी एकदम ढकलत नाही.

आणखी एक. सुलटा-उलटा कसाही चालणारा रोबो उलटा पडला की काठी पुढे ढकलल्यावर तो मागे जातो, पण वळणं होती तशीच राहतात. दोन्ही उलटं होतं असं समजून चालक लढतीत गोंधळतात आणि सेकंद घालवतात. ट्रान्समीटरवर एक बटण फक्त यासाठी राखून ठेवा.

२०१५ची बॅटलबॉट्सची अंतिम लढत जमलं तर पुन्हा बघा. एका बाजूला रे बिलिंग्ज यांचा टूमस्टोन, पुढे प्रचंड आडवं पातं. दुसऱ्या बाजूला पॉल व्हेंटिमिलिया यांचा बाइट फोर्स, तेव्हा पट्ट्यांवर धावणारा आणि उचलण्याची भुजा असलेला. फिरणारं शस्त्र त्याच्याकडे नव्हतं. तरी पंचांच्या निकालाने बाइट फोर्स जिंकला. मागाहून त्याने उभं फिरणारं पातं बसवलं आणि २०१८, २०१९ अशी आणखी दोन विजेतेपदं घेतली. शस्त्र बदललं, समोरच्याकडे सतत तोंड ठेवून राहण्याची पद्धत बदलली नाही.

सरावाचं म्हणाल तर शस्त्र बसवायच्या आधी सुरू करा. चालनाचा सांगाडा तयार झाला की त्यावर शस्त्राच्या वजनाची पोती बांधा आणि रिकाम्या गोडाउनमध्ये चालवा. रोबोचं तोंड तुमच्याकडे असताना डावं-उजवं उलटं दिसतं. ते बोटांत मुरेपर्यंत चालवा. शस्त्र बसल्यावर बंदिस्त पिंजऱ्याबाहेर ते कधीही फिरवायचं नाही. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग रोबोची पॉवर लिंक (बॅटरी जोडणारा, हाताने काढता येणारा तुकडा); बंद करताना आधी लिंक काढायची, मग ट्रान्समीटर. आणि सिग्नल तुटला की मोटरा आपोआप थांबतात का, हे ट्रान्समीटर बंद करून तपासायचं. अर्थात चाकं ठोकळ्यांवर उचललेली असताना.