खावा आल्बरस्टाइन : घरातल्या भाषेची गाणी

नमस्कार श्रोतेहो.

१९८९ साली इस्रायलच्या सरकारी रेडिओने एका गाण्यावर बंदी घातली. गाणारी कुणी नवखी नव्हती. पंचवीस वर्षं हाच रेडिओ तिचा आवाज घरोघरी पोचवत आला होता. लहान मुलं तिची गाणी गुणगुणत मोठी झाली होती. तिचं नाव खावा आल्बरस्टाइन. हिब्रू आणि यिडिश या दोन्ही भाषांत गाणाऱ्या लोकगायिकांमध्ये मी तिला सगळ्यांत वरचं स्थान देते.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतर पोलंडमधल्या श्टेचिन या बंदराच्या गावी तिचा जन्म झाला. चारेक वर्षांची असताना आईवडिलांबरोबर ती इस्रायलला आली आणि हैफाजवळच्या किर्यात हाईममध्ये वाढली. शाळेत हिब्रू, घरात यिडिश. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. अक्षरं हिब्रू, घडण जर्मन वळणाची. महायुद्धापूर्वी कोटभर माणसं ती बोलत होती. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेकांची मातृभाषा हीच. पण नव्या देशाला ती नकोशी होती. ती परागंदा, दबलेल्या जगण्याची खूण मानली जाई. सुरुवातीच्या वर्षांत तर यिडिश नाटकांच्या प्रयोगांवरही निर्बंध होते. अशा वातावरणात वाढलेल्या मुलीने ही भाषा मंचावर आणली, याचं मला फार मोल वाटतं.

१९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तेल अवीवला लागून असलेल्या याफामधल्या ‘हम्माम’ या क्लबात ती गायली. हातात गिटार, साथीला क्लॅरिनेटवर भाऊ. कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवला गेला. पुढे रेकॉर्ड कंपनीचा करार, सैन्यातली नोकरी, आणि एकामागून एक ध्वनिमुद्रिका. आजवर साठच्या आसपास. गाण्यात हरकती-मुरक्यांचा सोस नाही. शब्द इतका स्वच्छ की भाषा न कळणाऱ्यालाही त्याची धार जाणवते. १९८६च्या ‘मेहाग्रिम’, म्हणजे ‘स्थलांतरित’, या संग्रहापासून ती स्वतःचे शब्दही गाऊ लागली.

आणि मग ते बंदी आलेलं गाणं, ‘हाद गाद्या’. वल्हांडण हा इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण जागवणारा ज्यूंचा सण. त्या रात्री ज्यू कुटुंबं जेवणानंतर हे जुनं गाणं म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मंडळींच्या घरीही वल्हांडण पाळतात. गाणं आहे आपल्याकडच्या साखळीगोष्टींसारखं : बाबांनी दोन नाण्यांना करडू आणलं, त्याला मांजराने खाल्लं, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने मारलं, काठी आगीने जाळली, असं थेट मृत्यूच्या दूतापर्यंत. खावाने इटालियन गायक आंजेलो ब्रांदुआर्दी याच्या चालीवर ते बांधलं आणि शेवटी स्वतःचं कडवं जोडलं. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, तेव्हा पेटलेला होता. वल्हांडणाच्या रात्री घरातली मुलं परंपरेने चार प्रश्न विचारतात. तिने पाचवा विचारला. मारणारा आणि मार खाणारा यांचं हे चक्र कुठवर चालणार? कालपर्यंत मी गरीब करडू होते, आज लांडगा झाले आहे, मी आहे तरी कोण? प्रश्न परक्याने विचारला असता तर कुणी एवढं चिडलं नसतं. इथे घरचीच मुलगी घरच्या सणाचं गाणं घेऊन विचारत होती. तिच्यावर टीकेची झोड उठली. बंदी नंतर उठवली गेली, गाणं मात्र आजही तितकंच अस्वस्थ करतं.

तिचे पती नदाव लेवितान चित्रपट दिग्दर्शक होते. इस्रायलमधल्या म्हाताऱ्या यिडिश कवींना भेटून त्यांनी १९९५ साली एक माहितीपट केला. १९९८ साली न्यूयॉर्कच्या ‘क्लेझमॅटिक्स’ या वाद्यवृंदाबरोबर खावाचा ‘दि क्रेनित्से’, म्हणजे ‘विहीर’, हा संग्रह आला. त्यात यिडिश कवींच्या कविता आहेत, चाली तिच्या.

यातली बिनेम हेलर यांची कविता ऐकाच. वॉर्सात आई पहाटे कामाला जाई. धाकट्या भावांना भरवायचं, सांभाळायचं, संध्याकाळी गाणी म्हणायची ती हिरव्या डोळ्यांच्या खाये या बहिणीने, जिचं वय दहासुद्धा नव्हतं. नाझींच्या त्रेब्लिंका इथल्या मृत्युछावणीत तिला जाळलं. कवी म्हणतो, तिला ओळखणारा मीच शेवटचा उरलो, तिच्यासाठी मी यिडिशमध्ये लिहितो. खावा हे गाताना गळा काढत नाही, आवाज चढवत नाही. घरातल्या माणसाविषयी बोलावं तसं गाते. ‘हाद गाद्या’ त्यानंतर ऐका.

नमस्कार.