फिटच्या गोळ्यांची कंपनी सारखी बदलू नका

(दादरला अपस्माराच्या पेशंट आणि नातेवाइकांसमोर एका फार्मासिस्टने केलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. मागे खुर्च्या आहेत अजून, बसून घ्या. मगाशी जे कागद फिरवले त्यावर तुम्ही लिहून दिलेले प्रश्न बघितले तर जवळजवळ सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. मुलाला फिट येतात, किंवा नवऱ्याला, बहिणीला, डॉक्टरांनी अमुक नावाची गोळी लिहून दिलीय आणि जनऔषधीत तीच खूप कमी पैशात मिळते, तर घ्यायची का नाही? परळला मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मी हे वर्षानुवर्षं ऐकतेय आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोन्ही दिसतं, महिन्याच्या खर्चाची ओढाताण पण आणि स्वस्तातलं दिलं आणि फिट आली तर काय ही धास्ती पण.

आधी एक समजून घ्या. आपण ज्याला ब्रँडेड म्हणतो ते आपल्याकडे बहुतेक वेळा जेनेरिकच असतं, म्हणजे मूळ कंपनीचं औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाचंच उदाहरण बघा. मूळ औषध यूसीबी नावाच्या बेल्जियमच्या कंपनीचं, केप्रा नावाने, अमेरिकेत 1999 ला मंजूर झालं. तुमच्या घरात लेव्हिपिल असेल किंवा लेव्हेरा असेल, ही आपल्याच कंपन्यांनी बनवलेली त्याच औषधाची जेनेरिक रूपं आहेत, फक्त त्यांना नाव दिलंय आणि कंपनीचा माणूस डॉक्टरांकडे जाऊन ते नाव सांगतो. म्हणजे तुम्ही कधीच जेनेरिक घेतलं नाही असं नाहीये. आणि दुकानात जे जेनेरिक म्हणून मिळतं तेही एक प्रकारचं नसतं, जनऔषधीचं वेगळं, तिथे वरच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त किंमत ठेवायची नाही असा नियम आहे, आणि काही माल असा असतो की ज्यावर एमआरपी भरमसाट छापलेली असते पण दुकानदाराला तो अगदी स्वस्तात पडतो, तर अशा मालावर सूट मिळाली म्हणून खूश होऊ नका, आधी कंपनीचं नाव बघा.

आता भीतीकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असलं तरी चालतं. हे चुकीचं आहे. गोळीत औषध किती हवं याची मर्यादा वेगळी आणि बरीच कडक असते. हा गैरसमज ज्या 80 ते 125 टक्क्यांच्या आकड्यावरून निघतो तो येतो बायोइक्विव्हॅलन्सच्या टेस्टमधून, गोळी घेतल्यावर औषध रक्तात किती आणि किती वेगाने जातं ते मूळ औषधाशी ताडून बघतात आणि नुसती सरासरी नाही तर तिच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता धरून सगळं त्या पट्ट्यात बसावं लागतं. प्रत्यक्षात फरक फारच कमी निघतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, 2009 ला दोन हजारांवर अशा टेस्ट एकत्र बघितल्या तेव्हा रक्तात पोचलेल्या औषधाच्या प्रमाणात सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. आणि खास फिटच्या पेशंटवर केलेला अभ्यास पण आहे, लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाचा, 2016 ला छापून आला. एकमेकांपासून सगळ्यात लांबची वाटतील अशी दोन जेनेरिक निवडून पेशंटना आलटूनपालटून दिली तरी रक्तातली पातळी सारखीच राहिली.

पण हे अमेरिकेतलं झालं, तिथे टेस्टशिवाय जेनेरिक बाजारात येत नाही. आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना लायसन्स देण्याआधी ही टेस्ट सक्तीची झाली ती 2017 ला, आणि फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही त्यातलीच. त्याआधी लायसन्स घेतलेल्या कंपन्या बाजारात आहेतच. म्हणून मी अमेरिकेचे आकडे दाखवून डोळे झाकून कुठलीही गोळी घ्या असं सांगणार नाही.

फेनिटोइनबद्दल जरा जास्त बोलते कारण अजून कितीतरी लोक तेच घेतात, इप्टोइन म्हणून तुम्हाला माहीत असेल. हे औषध लिव्हर एका मर्यादेपर्यंतच पचवू शकतं, ती मर्यादा गाठली की डोस थोडासा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम वर जाते, आणि थोडासा कमी झाला की धाडकन खाली. 1968 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात काय झालं बघा, फेनिटोइनच्या कॅप्सूलमध्ये भरीला कॅल्शियम सल्फेट असायचं, ते काढून लॅक्टोज घातलं, औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, पण आता ते शरीरात जास्त शोषलं जायला लागलं आणि पेशंट तोल जाऊन चालायला लागले, एकाचे दोन दिसायला लागले, जीभ जड झाली. घरात कोणी फेनिटोइनवर असेल आणि नवीन स्ट्रिप सुरू केल्यावर असं काही दिसलं तर थकवा आला असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगून रक्तातली लेव्हल बघून घ्या.

ब्रिटनने 2013 मध्ये फिटच्या औषधांचे गट पाडले ते मला फार पटतात. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, प्रिमिडोन, यांची कंपनी बदलायची नाही. व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम, इथे डॉक्टर आणि पेशंटने मिळून ठरवायचं. लेव्हेटिरासिटाम, गॅबापेंटिन वगैरे, इथे कंपनी बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला जेनेरिक चालेल का याचं उत्तर त्याला कुठलं औषध चालू आहे यावर आहे.

आणि माझं स्पष्ट मत सांगते. जेनेरिक का ब्रँड यापेक्षा दर महिन्याला तीच कंपनी मिळते का हे जास्त महत्त्वाचं. परवडेल ते, वर्षानुवर्षं परवडेल ते निवडा, डॉक्टरांना सांगून निवडा, आणि मग त्यालाच धरून राहा. महागडी गोळी घेऊन महिनाअखेरीला पैसे संपले म्हणून दोनाची एक करणं, हे मी जितकं बघितलंय आणि त्याने जितक्या फिट येताना बघितल्यात तितक्या जेनेरिकने नाही बघितल्या.

आमच्याकडे एक आजी यायच्या नातवाच्या गोळ्या घ्यायला. रुमालात कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे, चार इकडचे सहा तिकडचे, आणि कापताना नावच गेलेलं, एका तुकड्यावर नुसतं एक्सपायरीचं वर्ष उरलेलं. ते काउंटरवर मांडून बघितलं तर तीन कंपन्यांचा माल होता आणि त्यातल्या एका तुकड्यावर नावापुढे सीआर होतं, बाकीच्यांवर नाही. आता हा फरक कंपनीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. सीआर, ईआर, क्रोनो असं लिहिलेली गोळी हळूहळू सुटते, साधी गोळी पटकन सुटते, त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, आणि हळू सुटणारी गोळी बहुतेक वेळा चावायची किंवा कुटायची नसते. म्हणून पूर्ण स्ट्रिप घ्या. जमत नसेल तर नाव असलेला भाग मागून घ्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा, नाव, पॉवर, सीआर आहे का नाही, कंपनी, बॅच नंबर. फिट आली आणि डॉक्टरांनी विचारलं की काय बदललं, तर उत्तर त्या फोटोत असेल.

गोळीचा रंग बदलला की लोक घाबरतात, हे पण खरं आहे. अमेरिकेत 2013 ला एक अभ्यास झाला, त्यात फिटच्या गोळीचा रंग बदलल्यावर औषधात खंड पडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. काल पांढरी आणि आज पिवळी बघून आई गोळी बाजूला ठेवते, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये विचारू म्हणते, आणि तो एक चुकलेला डोस महागात पडू शकतो. जिथे फुकट औषध मिळतं तिथे खरेदी टेंडरने होते, टेंडर बदललं की स्ट्रिप बदलते. तेव्हा खिडकीवरच विचारा, औषध तेच ना, पॉवर तीच ना, सीआर तेच ना. मागे लाइन आहे म्हणून लाजू नका.

शेवटचा प्रश्न, मेडिकलवाला म्हणतो हे नाहीये, दुसरं देतो, सेम आहे. नियम असा आहे की शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिलंय त्याच्या जागी केमिस्टने स्वतःच्या मनाने दुसरं द्यायचं नाही, घटक तेच असले तरीही. म्हणून पुढच्या व्हिजिटलाच डॉक्टरांकडून केसपेपरवर दुसऱ्या एका कंपनीचं नाव लिहून घ्या, हे नसेल तर ते, म्हणजे रात्री दहाला पळापळ होणार नाही. गणपतीला कोकणात जाणार असाल तर परतीचं तिकीट ज्या दिवसाचं आहे त्या दिवसापर्यंतच्याच नाही, त्यापुढच्या आठवडाभराच्या गोळ्या मुंबईतूनच घेऊन निघा, गावच्या दुकानात तुमची कंपनी असेलच असं नाही, आणि त्यात जागरणं होतात, झोप कमी झाली की फिट यायला तेवढंही पुरतं. आणि अगदीच अडलात, तुमची कंपनी कुठेच मिळेना, तर डोस चुकवू नका. डॉक्टरांना फोन करा, त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घ्या आणि तेच औषध, तीच पॉवर, साधी असेल तर साधी आणि सीआर असेल तर सीआर, दुसऱ्या कंपनीची घ्या. कंपनी बदलण्यात जो धोका आहे त्यापेक्षा गोळी न घेण्यातला धोका खूप मोठा आहे.