गाडी ओढंना!

(दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. छोटा हत्ती थांबतो. फळ्या लावून जाड टायरांची गाडी खाली उतरवली जाते.)

उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट येतात, ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स येतात. एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर पळवायची जाड टायरांची गाडी, क्वचितच. त्यामुळे ती आली की शेजारच्या शेडमधली पोरं हातातलं काम सोडून बघायला जमतात. ही जुनी गाडी पन्हाळ्याकडच्या एका रिसॉर्टची. अंतर वीसेक किलोमीटर, पण अशा बहुतेक गाड्यांना रस्त्यावर पळवायचं पासिंग नसतं. म्हणून वाघबीळचा उतार तिनं टेम्पोत बसून उतरला.

मालकाची तक्रार एका वाक्याची. "मिस्त्री, रेस वाढतीया, पण गाडी ओढंना."

मिस्त्री लगेच पाना उचलत नाहीत. पहिला प्रश्न, "ऑइल कंचं घातलंय?"

प्रश्न साधा वाटतो, पण या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती कारला चालतात, इथे मात्र चांगल्या प्लेटाही घसरायला लागतात. डब्यावर 'जासो एमए', म्हणजे ऑइलमधल्या अशा क्लचला चालणारं ऑइल, असं लिहिलंय का, ते म्हणून आधी बघायचं. मालकानं सोबत आणलेल्या डब्यावर ते आहे. म्हणजे दोष ऑइलचा नाही.

(दृश्य: हँडलची डावी बाजू. क्लचची लिव्हर नाही.)

या गाडीला क्लचची लिव्हरच नाही. पायानं गिअर टाकायचा, बाकीचं इंजिन बघतं. होंडाच्या 1958 च्या सुपर कबमध्ये ही सोय होती. आपल्याकडे 1997 च्या हिरो होंडा स्ट्रीटमुळे ती अनेकांना ठाऊक झाली. या एटीव्हीत त्यासाठी दोन क्लच आहेत. क्रँकवरचा सेंट्रिफ्यूगल: रेस वाढली की त्याचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी प्लेटांचा क्लच, जो गिअरचं पायडल दाबलं की सुटतो.

मग घसरतोय कुठला? गाडी जागची हलतानाच आळस करत असेल, भरपूर रेस दिल्यावर उशिरा धरत असेल, तर संशय शूवर. जागची नीट हलते, पण वरच्या गिअरला चढावर नुसता आवाज वाढतो आणि वेग तिथेच राहतो, तर प्लेटांवर. उतारावर इंजिनाची ओढ लागत नसेल, तर सेंट्रिफ्यूगलमधला वन-वे, म्हणजे एकाच दिशेनं धरणारा क्लच, बघावा लागतो.

मिस्त्री वरचा गिअर टाकतात, दोन्ही ब्रेक आवळतात आणि दोन सेकंदच रेस देतात. इंजिन दबायला हवं. ते मोकाट ओरडतं. ही चाचणी लांबवायची नाही, नाहीतर उरलंसुरलं लायनिंग, म्हणजे पकड देणारं अस्तरही जळतं.

तरीही खोलायचं नाही. आधी बाहेरचा ॲडजस्टिंग स्क्रू. चेकनट ढिला करून, अडकेपर्यंत मागे, मग पाव फेरा उलटा. बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात, आणि इंजिन आधीच खोलून बसलेल्याला ते कधी कळतच नाही. ही मात्र तशीच ओरडते.

(दृश्य: ड्रेन नटमधून काळं ऑइल ट्रेमध्ये.)

ऑइलला करपट वास आहे. कव्हर निघतं. या इंजिनात सेंट्रिफ्यूगल काढल्याशिवाय मागचा क्लच हाती लागत नाही. त्याच्या नटाची कड ठोकून बसवलेली. ती छिन्नीनं उचलायची, आणि पाना लावण्याआधी आटे सुलटे की उलटे ते बघायचं. काही इंजिनांत उलटे असतात.

नट निघाला, तरी क्लच जागा सोडत नाही. तो ओढून काढायला पुलर हवा, आणि या जुन्या मॉडेलचा पुलर बाजारात नाही. पण हे उद्यमनगर आहे. चार शेड पलीकडचा टर्नर पिच गेज लावून आटे मोजतो, गोल बार चकमध्ये धरतो, आणि चहा येईपर्यंत पुलर तयार. कंपनीचा शिक्का नाही, पण आटे बसतात.

शूचं लायनिंग शाबूत आहे, ड्रमला चर नाहीत. म्हणजे घसरतात त्या प्लेटाच. प्लेटा बाहेर येतात: लायनिंग काचेसारखं गुळगुळीत, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. नवी लायनिंगची प्लेट साधारण पावणेतीन ते तीन मिलिमीटर. झीज मोजायची ती मिलिमीटरच्या दशांशांत, त्यामुळे डोळ्यांवर विसंबायचं नाही. व्हर्नियर लावायचा आणि कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा बघायची. स्टीलच्या प्लेटा सरफेस प्लेटच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून खाली फिलर गेजची पातळ पत्ती जाते का, ते बघतात. दोन वाकल्यात. स्प्रिंगांचीही लांबी मोजली जाते.

आता हौसिंग, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात ते भांडं. प्लेटांचे दात जिथे आपटतात त्या खाचांवरून मिस्त्री अंगठ्याचं नख फिरवतात. नख अडकतं. खड्डा खोल असता तर नवं हौसिंग लागलं असतं, कारण त्यात प्लेट अडकून क्लच नीट सुटत नाही. इथे बारीक कानस पुरते.

नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवलेल्या. एक लायनिंगची, एक स्टीलची. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. ऑइलच्या जाळीत अडकलेला लायनिंगचा भुगा साफ, नवं पॅकिंग, नवं ऑइल, पुन्हा तो पाव फेरा.

ब्रेक आवळून परत रेस. या वेळी इंजिन दबतं.

"प्लेटा एवढ्या कशानं गेल्या?" मालक विचारतो.

"पाव्हणं गाडी चालवताना पाय कुठं ठेवत्यात?"

"गिअरवरच की."

"मग जाणारच की ओ. पाय ठेवला की क्लच अर्धा सुटतो. गाडी द्यायच्या आधी सांगत जावा: गिअर टाकला की पाय काढायचा."