थेंब एसीचे, तहान झाडाची

(आमच्या परिसरातल्या बागप्रेमींसमोर ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आपल्याकडच्या कुठल्याही इमारतीच्या मागच्या बाजूला उभं राहून वर बघा. प्रत्येक मजल्यावरून एक पांढरा नाहीतर करडा पाइप लोंबत असतो आणि त्यातून पाणी ठिबकत असतं. खालच्या घराच्या पत्र्यावर रात्रभर टपटप चालते, त्यावरून भांडणं होतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रारी येतात. त्याच इमारतीत कुणीतरी खोलीतल्या मनी प्लांटला टँकरचं जड पाणी घालत असतं. घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

हे पाणी येतं कुठून, ते आधी बघू. पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तेच एसीच्या आत होतं. आतल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. ही कॉईल साधारण ८ ते १२ अंशांपर्यंत गार होते. आपल्याकडे मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत जवळजवळ २५ ग्रॅम बाष्प असतं. खोली २५ अंशांवर आणून आर्द्रता ५५ टक्के केली, की त्यातलं जेमतेम निम्मं उरतं. बाकीचं कॉईलवर जमतं, खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि पाइपातून बाहेर पडतं.

किती पाणी मिळतं, याचा हिशेब करता येतो. दीड टनाच्या एसीची गारवा देण्याची ताकद सव्वापाच किलोवॅटच्या आसपास असते. दमट हवेत त्यातली पाव ताकद बाष्पाचं पाणी करण्यात खर्च झाली, असं धरा. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे एसी पूर्ण जोरात चालला, तर तासाला जवळपास दोन लिटर. रात्री तो इतका जोर लावत नाही. त्यामुळे झोपताना लावून सकाळी बंद केला, तर पाच ते दहा लिटर मिळतील असं समजा. पावसाळ्यात, उकाडा असताना, आकडा वरच्या बाजूला जातो.

पण तुमची बहीण नागपूरला असेल, तर तिला हा हिशेब सांगू नका. तिथे मे महिन्यात ४४ अंश असतात आणि दुपारची आर्द्रता १५ टक्के. त्या हवेत घनमीटरमागे नऊ-साडेनऊ ग्रॅमच बाष्प असतं. त्याचं पाणी व्हायला कॉईल बारा अंशांच्याही खाली जावी लागते. एसी दिवसभर राबतो आणि पाइप जवळजवळ कोरडाच राहतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी असतो तो कूलर, आणि कूलर पाणी देत नाही, पितो. त्याच्या टाकीत शेवटी उरतं ते पाणी आधीपेक्षा जास्त खारं असतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते कुंडीत ओतू नये. एसीचं आणि कूलरचं पाणी सारखंच, असं समजणारी पुष्कळ माणसं मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता झाडांकडे येऊ. एसीच्या पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात. टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं, मीटर बुडवलं, तर बहुधा पन्नासच्या आत आकडा दिसतो. बोअरच्या पाण्यात तोच आकडा हजाराच्या पुढे गेलेला तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. कुंडीच्या काठावर आणि मातीवर जो पांढरा थर चढतो, तो याच क्षारांचा. खोलीतल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, त्यामुळे तो थर धुऊन जायला वाट नसते. महिनोन्‌महिने साठत जातो, मग मुळांना पाणी ओढून घेणं जड होतं आणि पानांची टोकं करपतात. स्पायडर प्लांट आणि ड्रेसिना यांना तर पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही.

म्हणून माझ्या मते एसीच्या पाण्याचा सगळ्यात मोलाचा उपयोग रोज झाड भिजवण्याचा नाहीच. कुंडी धुऊन काढण्याचा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी कुंडी बाथरूममध्ये न्या. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओता आणि खालच्या भोकातून सगळं वाहून जाऊ द्या. साठलेले क्षार त्याबरोबर निघून जातात. बोअरच्या पाण्याने हे काम होत नाही, कारण ते स्वतःच क्षार घेऊन येतं.

दुसरा उपयोग मिसळण्याचा. ज्यांच्याकडे आरओ आहे, त्यांचं वाया जाणारं पाणी चांगलंच खारं असतं. समजा त्याचा टीडीएस ९०० आहे आणि एसीच्या पाण्याचा ३०. निम्मं-निम्मं मिसळलं, की साधारण ४६५ होतो. बहुतेक शोभेची झाडं हे पाणी खुशीने घेतात. एकेकटं वापरायला दोन्ही थोडी अडचणीची, एकत्र केली की कामाची. मला स्वतःला ही जोडी फार आवडते.

एकेकटं एसीचं पाणी अडचणीचं का, असं इथे कुणीतरी विचारणारच. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. मातीत लावलेल्या झाडाला काही काळ फरक पडत नाही, माती आणि शेणखत ते पुरवतात. पण कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेलं झाड, किंवा बाटलीतल्या नुसत्या पाण्यात वाढणारा मनी प्लांट, यांना दुसरीकडून काही मिळत नाही. त्यांना अधूनमधून नळाचं पाणी आणि खूप पातळ केलेलं खत द्यावंच लागतं. उलट ऑर्किड, फर्न, कलाथिया यांना बिनक्षाराचं पाणी मानवतं. आणि कासच्या पठारावर, कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, उगवणारी दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती! सत्त्वहीन जमीन आणि पावसाचं पाणी, एवढ्यावर ती जगते. कुणी रोपवाटिकेतून आणलेली कीटकभक्षी झाडं घरी वाढवत असेल, तर त्यांच्यासाठी एसीचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरं. मात्र सड्यावरून उपटून आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर आज उभा राहिलो, ते सांगतो. एसीच्या पाण्याने झाडं मरतात ती पाण्यातल्या कुठल्या दोषाने नव्हे, तर पाणी रोज येतं म्हणून. सकाळी कॅनमध्ये आठ लिटर साठलेलं दिसतं. ते टाकवत नाही, आपला जीव हळहळतो. मग ते सगळं खोलीतल्या दहा कुंड्यांत जातं. त्या दहा कुंड्यांना त्या दिवशी कदाचित एक लिटरही नको असतं. खोलीत ऊन नाही, वाढ संथ, माती ओलीच. स्नेक प्लांट, झीझी प्लांट यांची मुळं अशा ओलीत कुजतात, आणि ते कळतं तेव्हा पान खालून मऊ पडलेलं असतं. एसी त्याच्या वेळापत्रकाने पाणी देतो, झाड स्वतःच्या वेळेला पितं. मातीत बोट खुपसा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच घाला. उरलेल्या पाण्याने लादी पुसा, बाल्कनी धुवा, संडासात ओता. दुबईच्या बुर्ज खलिफात असं पाणी वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या आसपास जमतं आणि ते भोवतालच्या बागेसाठी वापरलं जातं. तिथे बाग मोठी आहे, पाणी जिरवायला जागा आहे. आपल्या बेडरूमच्या खिडकीत ती नाही.

साठवण्याबद्दल थोडं. पाइपाचं टोक कॅनमधल्या पाण्यात बुडू देऊ नका. बुडालं, तर पाणी मागे अडतं आणि आतल्या युनिटमधून भिंतीवर उतरतं. पाइपाला सतत उतार हवा. कॅनच्या तोंडावर बारीक जाळी किंवा सुती कापड घट्ट बांधा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि गरम दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मादी अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कॅन आठवड्यातून एकदा नुसता रिकामा करायचा नाही, आतून घासायचा. कुंडीखालची ताटली आणि पाण्यातल्या मनी प्लांटची बाटली यांनाही हाच नियम.

एसीची सर्व्हिसिंग झाली, की निदान पहिल्या दिवसाचं पाणी टाकून द्या. कॉईल धुवायची रसायनं त्यात उतरतात. एसी फार जुना असेल किंवा पट्ट्या पांढऱ्या पडून गळत असतील, तर तांबं आणि ॲल्युमिनियमही अधिक येणार. कोथिंबीर, पुदिना, तुळस, जे आपण खातो त्याला हे पाणी घालू नये, असं माझं मत आहे. ट्रेमध्ये धूळ आणि बुरशी असते. माणसांनी, मांजरांनी, चिमण्यांनी ते प्यायचं नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की हेच पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून पानांवर मारलं तर? मी नको म्हणेन. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियाची जीवघेणी साथ आली. त्यातून लीजनेला हा जिवाणू सापडला. तिथला संशय इमारतीच्या मोठ्या कूलिंग टॉवरवर होता, आपल्या स्प्लिट एसीची गोष्ट वेगळी. पण हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे आत जातो. चार दिवस खिडकीत ठेवलेलं पाणी बंद खोलीत फवारणं, तेही घरात वयस्कर माणूस असताना, कशाला? पानं पुसायला ओलं फडकं पुरेसं आहे.

डीह्युमिडिफायरचं, म्हणजे खोलीतला दमटपणा कमी करणाऱ्या यंत्राचं, पाणीही याच जातीचं. फक्त ते यंत्राच्याच टाकीत साठतं, म्हणून टाकी रोज रिकामी करा आणि धुवा. आणि पाण्यासाठी म्हणून एसी किंवा डीह्युमिडिफायर कुणी चालवू नका. विजेचा विचार करता ते पाणी फार महाग पडतं. जे यंत्र एरवीही चालणारच आहे, त्याचंच पाणी धरायचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापल्या एसीचं आणि नळाचं पाणी बाटल्यांत आणलंय. टीडीएसचं मीटर त्या टेबलावर ठेवलंय. बाटलीवर नाव लिहा आणि एकेक जण या, सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू.