राजन आणि 47 डोसे

ही फोर्टमधली रिझर्व्ह बँक. 4 सप्टेंबर 2013 ला रघुराम राजन इथं गव्हर्नर म्हणून आले, त्याच्या आठवडाभर आधीच डॉलर 68 रुपयांच्या वर गेलेला, कांदा हातात धरवत नव्हता, महागाई दहा टक्क्यांच्या आसपास, आणि अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह नुसतं म्हणाली की बाजारात पैसा ओतणं कमी करू तर परदेशी गुंतवणूकदार आपल्याकडून पैसे काढून चालले होते.

राजन मूळचे इंजिनियर. जन्म भोपाळचा, आयआयटी दिल्ली, आयआयएम अहमदाबाद, मग एमआयटीतून पीएचडी, शिकागोत प्रोफेसर आणि चाळिशीत नाणेनिधीचे चीफ इकॉनॉमिस्ट. 2005 ला अमेरिकेत जॅक्सन होलला मोठमोठे बँकर जमलेले, फेडरल रिझर्व्हचे प्रमुख ग्रीनस्पॅन रिटायर होणार म्हणून सगळं कौतुक चाललेलं, आणि ह्यांनी तिथं पेपर वाचला की बाबांनो जोखीम कमी नाही झाली, वाढलीय. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्सनी तिथंच त्यांच्यावर टीका केली. तीन वर्षांनी अमेरिकेतली लेहमन ही मोठी बँक बुडाली आणि ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. भरल्या मांडवात असं बोलायला काळीज लागतं, मला तरी त्यांच्या अख्ख्या करिअरमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मुंबईत आल्या आल्या त्यांनी बँकांना सांगितलं, एनआरआय लोकांकडून डॉलरच्या ठेवी आणा, रुपया पडला तर त्याची झळ आम्ही सोसतो. नोव्हेंबरअखेर त्यातून 26 अब्ज डॉलर आले आणि रुपया सावरला.

पण खरी लढाई महागाईशी. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, सव्वासात टक्के होता तो जानेवारी 2014 पर्यंत आठवर नेला, कर्ज महागलं म्हणून उद्योगवाले नाराज. पुढं महागाई उतरली, रेट कमी केले, तर एफडीचं व्याज घटलं म्हणून पेन्शनर नाराज. आमच्याकडे एक तारखेला बँकेत जाऊन बघा, प्लास्टिकच्या पिशवीत एफडीची पावती घडी करून आणलेले आजोबा काउंटरवर पहिलं हेच विचारतात, व्याज किती झालं आता?

त्यांच्यासाठी राजननी 2016 ला डोशाचं गणित मांडलं. डोसा 50 रुपयांना, तुमच्याकडे 1 लाख, म्हणजे आज 2000 डोसे. व्याज 10 टक्के आणि महागाई पण 10, तर वर्षानं हातात 1,10,000 पण डोसा 55 ला, म्हणजे परत 2000च. आता व्याज 8 आणि महागाई साडेपाच धरा, हातात 1,08,000, डोसा 52.75 ला, 2047 डोसे! व्याज कमी मिळूनही 47 डोसे जास्त, म्हणजे आजोबांचं नुकसान व्याजदरानं नाही, महागाईनं होत होतं आणि हे कुणी त्यांना इतकं सोपं करून सांगितलंच नव्हतं.

2015 पासून बँकांची मोठी कर्जं तपासून दडवलेली बुडीत कर्जं पण बाहेर काढायला लावली, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

तोवर व्याजदराचा शेवटचा शब्द एकट्या गव्हर्नरचा असायचा. राजननी तो सहा जणांच्या समितीकडे जावा म्हणून जोर लावला, 2016 ला कायदा बदलला. 9 ऑगस्टला त्यांनी शेवटचं पतधोरण मांडलं, रेपो साडेसहावरच ठेवला आणि 4 सप्टेंबरला पद सोडून परत शिकागोला शिकवायला गेले. ऑक्टोबरमध्ये व्याजदर पहिल्यांदा त्या सहा जणांनी ठरवला.