सरासरी भाड्यात कुणीच राहत नाही

मित्रहो, प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सगळ्यात छोटा प्रांत. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या बेटाची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर होती. राजधानी शार्लटटाउनमध्ये साधारण ३९ हजार माणसं, समरसाइडमध्ये १६ हजार. एवढ्याशा जागेत भाड्याची तुलना सोपी असेल असं वाटतं. तशी ती नाही.

कुठलाही तक्ता सांगेल की समरसाइड शार्लटटाउनपेक्षा स्वस्त. पण तक्त्यातली सरासरी काढतात ती बहुतेक आधीपासून राहणाऱ्यांच्या भाड्यावरून. तुम्हाला हवं असतं रिकामं घर. २०१८ मध्ये शार्लटटाउनात रिकाम्या घरांचं प्रमाण ०.२ टक्के होतं, म्हणजे हजारात दोन! तिथे सरासरी घेऊन काय करायचं?

आता मिळकतीकडे बघू. कॅनडात घरखर्च करपूर्व उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसला तर तो परवडणारा मानतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये या प्रांतात किमान वेतन ताशी १६ डॉलर झालं; त्याच दराने हिशेब करू. आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही खाडा न करता काम केलं तर ३३,२८० डॉलर होतात. त्याचे ३० टक्के म्हणजे महिन्याला ८३२. किमान वेतन प्रांतभर सारखंच, त्यामुळे ही मर्यादा बेटाच्या पूर्व टोकाच्या छोट्याशा सूरिसला तीच आणि शार्लटटाउनला तीच. पण सूरिसमध्ये कामं मासेमारीच्या आणि पर्यटनाच्या हंगामाची. वर्षभर ४० तास कुठून आणणार?

शिवाय हीटिंग भाड्यात धरलंय की नाही, हे आधी बघा. वेगळं असेल तर हिवाळ्यात तेलाचं किंवा विजेचं बिल स्वस्त घराला महाग करून टाकतं. आणि गाडी! शार्लटटाउन ते समरसाइड साठेक किलोमीटर. गावोगावच्या बसचं तिकीट दोन डॉलर ठेवलंय, फार चांगली गोष्ट. पण रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसेल तर त्या दोन डॉलरचा उपयोग नाही. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल आणि विम्यात जातात. म्हणून मी गावांची तुलना भाड्यावर करत नाही. भाडं, हीटिंग आणि प्रवास यांच्या बेरजेवर करतो. शार्लटटाउनच्या नदीपलीकडचं स्ट्रॅटफर्ड भाड्याला महाग दिसलं, तरी या बेरजेत कधीकधी समरसाइडवर मात करतं.

या प्रांताच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इथे भाड्याचं नियंत्रण भाडेकरूला नाही, घराला चिकटलेलं असतं. जुना भाडेकरू गेला म्हणून मालकाला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. वार्षिक वाढीवरही मर्यादा असते: २०२३ ला शून्य, २०२४ ला ३ टक्के. नव्या इमारतीचं पहिलं भाडं मात्र मालकच ठरवतो, म्हणून नवं बांधकाम जास्त तिथे आकडे चढे. आणि दुसरी मेख अशी, की आधीचं भाडं किती होतं हे नव्या माणसाला कळलंच नाही तर कायदा कागदावरच राहतो.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिथे शिकायला जाणार असतील, तर करार बारा महिन्यांचा की आठच, हेही बघायला सांगा. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी खोल्या रिकाम्या करून घेणारे मालक आहेत. आधीच्या भाडेकरूचं भाडं शक्यतो लेखी मागायचं. जास्त घेतलं गेलं असेल, तर प्रांताच्या भाडे कार्यालयात अर्ज करून फरक परत मागता येतो.