टाचेवरचा लाल पट्टा

श्रोतेहो, नमस्कार. गावच्या शिबिरात छोट्याशा यंत्रात पाय ठेवून हाडं तपासून घेतलेल्या तुमच्यात पुष्कळजणी असतील. आज तीच टाचेची अल्ट्रासाऊंड तपासणी.

टाचेला जेल लावतात, एका बाजूने ध्वनिलहरी सोडून दुसऱ्या बाजूला पकडतात. हाड भरीव असलं की ध्वनी भरभर जातो, विरळ असलं की रेंगाळतो. टाचच का, तर तिचं हाड आतून जाळीदार असतं आणि झीज अशा हाडात लवकर दिसते. क्ष-किरण अजिबात नाहीत.

आता फोंडा तालुक्यातल्या दोन जावांची गोष्ट. देवळाच्या सभामंडपात शिबिर होतं. थोरलीच्या कागदावर लाल पट्टा आला, धाकटीच्या हिरवा. झालं! थोरलीने विहिरीचं पाणी ओढणं सोडलं, जिने चढणं सोडलं, चवथीला फुगडीसुद्धा नाही. फुगडी म्हणजे तिचा जीव! आणि धाकटी हिरवा कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरली. माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताची, तयारी चालली होती. हातात माटोळीला बांधायची कवंडाळं, ही रानफळं, घेऊन ओल्या पडवीतून येताना धाकटीच घसरली आणि मनगट मोडलं.

(नवं घर बांधलं की पडवीलासुद्धा चकचकीत लादी घालायची ही हौस मला कधी कळली नाही. गोव्याच्या पावसात! शेणाने सारवलेल्या जमिनीवर कुणी असं आपटत नव्हतं.)

डॉक्टरांनी आधी विचारलं, "पडलात कुठून?" उभ्या उभ्या पडून हाड मोडलं तर ते ठिसूळ असल्याचा संशय घ्यावा लागतो. मग कळलं, ही दम्यासाठी कित्येक वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेते, आणि हिच्या आईचा खुबा मोडला होता. शिबिरात हे कुणी विचारलंच नव्हतं. दोघींची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली. धाकटीच्या मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे अडीचच्याही खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. थोरलीची हाडं थोडी विरळ, ऑस्टिओपोरोसिस नाही. ती उसळून म्हणाली, "हाडां म्हजीं, मशिनाक कितें कळटा?"

मशिनाला कळतं हो, पण अंदाजापुरतं. उणे अडीचची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली, ती डेक्सासारख्या क्ष-किरण मोजणीवरून. टाचेच्या यंत्रावर तोच आकडा आला तरी अर्थ तोच होत नाही. पुन्हा सांगतो, आकडा तोच, अर्थ वेगळा. पायाला सूज असली तरी मोजणी चुकते. लाल पट्टा आला तर डेक्सा करून घ्या. हिरवा आला तरी स्टिरॉइड, लवकर गेलेली पाळी, आईचा खुबा, आधी मोडलेलं हाड, यातलं काही असलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि लाल पट्ट्याच्या भीतीने अंथरूण धरू नका, भार पडला नाही तर हाड आणखी झिजतं.

थोरलीची फुगडी पुन्हा सुरू झाली आहे. धाकटीला औषध चालू आहे, आणि त्याचा गुण आला की नाही हे डेक्सावरच बघणार आहेत, कारण टाचेचा आकडा औषधाने फार हळू हलतो.